डायलिसिसच्या खुर्चीआधीची पंधरा वर्षं

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची मशीन कधी येणार, यावरून आमच्याकडे वर्षभर भांडण चाललं आहे. निवेदनं झाली, साखळी उपोषण झालं. एक बाजू म्हणते, आठवड्यातून तीनदा साठ किलोमीटर जाण्यायेण्यातच माणूस खलास होतो, मशीन इथंच हव्यात. दुसरी म्हणते, जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत त्या मशीनना तंत्रज्ञ नाही, आधी त्या चालवा. तिसरी बाजू काम खासगी कंत्राटदाराला दिल्याच्या रागात आहे. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. पण एका गोष्टीवर तिघांचं न बोलता एकमत झालेलं आहे आणि नेमकी तीच मला खटकते. माणसांच्या किडन्या जाणार, दरवर्षी जास्त जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं आहे. वाद उरला आहे तो नंतरच्या सोयीचा.

माझं मत आधीच सांगतो. डायलिसिस केंद्र हवंच. पण ज्या गावांत तिशी ओलांडलेल्या माणसाच्या दंडाला वर्षानुवर्षं बीपीचा पट्टा लागत नाही आणि बाळंतपण सोडलं तर कुणाची लघवी तपासली जात नाही, तिथं नुसतं केंद्र उघडणं म्हणजे आजार पिकू द्यायचा आणि कापणीची तेवढी सोय करायची. किडनीचा बराचसा आजार दहा-पंधरा वर्षं आधी, गावातच, अगदी थोडक्या खर्चात पकडता येतो; रोखता किंवा निदान लांबवता येतो. चेन्नईच्या एका डॉक्टरांनी हे वीस वर्षांपूर्वी करून, मोजून, छापून ठेवलेलं आहे. आमच्या वादात ते काम अजून एकदाही कुणी काढलेलं मी ऐकलं नाही.

हे लांबून लिहीत नाही. माझे मामा चार वर्षं डायलिसिसवर होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे साडेचारची एसटी धरायची, सातला खुर्ची मिळायची, चार तास रक्त मशीनमधून फिरायचं, आणि घरी येईपर्यंत दुपार टळून जायची. डाव्या मनगटाजवळ फिस्टुला केलेला, म्हणजे मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर जोडलेली. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. मामी रोज सकाळी चहाआधी ती थरथर चाचपून बघायच्या. ती लागली की दिवस सुरू. पाणी दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा आणि आमटी धरायची. मे महिन्यात मामा बर्फाचा खडा गालात धरून ओट्यावर बसलेले असायचे. डायलिसिस योजनेतून फुकट होतं, तरी दीड एकर गेलं. गाडीभाडं, इंजेक्शनं, रक्ताच्या बाटल्या आणि मामींची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नव्हती. तरीही त्या चार वर्षांत मामांनी धाकटीचं लग्न लावलं, नातवाला मांडीवर घेतलं. म्हणून डायलिसिसवरचा पैसा वाया जातो असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन.

आता त्या कामाकडे येतो. डॉ. एम. के. मणी हे देशातल्या पहिल्या फळीतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांपैकी एक. मुंबईच्या जसलोकमध्ये त्यांनी अनेक वर्षं काम केलं, नंतर ते चेन्नईच्या अपोलोत गेले. पद्मभूषण मिळालेला माणूस. म्हणजे डायलिसिस आणि प्रत्यारोपण या दोन्ही गोष्टी त्यांच्या रोजच्या हाताखालच्या. त्यांनी ‘किडनी हेल्प ट्रस्ट’तर्फे चेन्नईजवळची सुमारे २५ हजार वस्तीची खेडी घेतली आणि तिथं शाळा शिकलेल्या स्थानिक मुलींना तयार केलं. मुली घरोघर जात, ठरलेले प्रश्न विचारत, बीपी मोजत आणि प्रत्येकाची लघवी तपासत. तपासणी कशी? लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्ल टाकायचं. पांढरट गढूळ झाली तर प्रथिनं जाताहेत. दुसऱ्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण तापवायचं. रंग हिरव्या-पिवळ्यावरून विटकरीकडे गेला तर साखर आहे. दहावीच्या प्रयोगशाळेतलं काम. ज्यांच्यात दोष दिसला त्यांना डॉक्टर तपासत आणि औषधं देत, तीही बाजारातली सर्वांत स्वस्त आणि जुनी: बीपीला रेसरपिन, हायड्रॅलझिन, हायड्रोक्लोरोथायझाइड; साखरेला ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन.

हे काम २००३ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकाच्या पुरवणीत प्रसिद्ध झालं. बीपीच्या ९६ टक्के रुग्णांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं होतं. मधुमेहींपैकी ५२ टक्क्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७ च्या खाली आली होती. शहरात महागड्या डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या आपल्या ओळखीच्या दहा माणसांची बीपी आठवा आणि ९६ हा आकडा पुन्हा वाचा. खर्च आला माणशी वर्षाला अमेरिकी २७ सेंट, तेव्हाच्या दराने साडेबारा रुपयांच्या आसपास. पुढे शेजारच्या नव्या गावांत हाच कार्यक्रम न्यायचं ठरलं आणि तिथं पहिली पाहणी झाली, तेव्हा किडनीचं काम घटलेल्यांचं प्रमाण आधीच्या गावांपेक्षा जास्त निघालं. जिथं मुली आधीपासून फिरत होत्या, तिथं ते कमी होतं.

पैशाचा हिशेब मांडतो, कारण ‘एवढ्या मोठ्या देशाला हे परवडेल का’ हा प्रश्न लगेच येतो. माणशी साडेबारा रुपयांनी २५ हजार वस्तीला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आत खर्च होतो. आता २०१६ चा केंद्रीय अर्थसंकल्प घ्या, ज्यात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. सरकारनेच तेव्हा सांगितलं की देशात दरवर्षी २.२ लाख रुग्णांच्या किडन्या शेवटच्या टप्प्याला पोचतात, त्यातून ३.४ कोटी डायलिसिसची जादा मागणी तयार होते, आणि एका वेळेला साधारण २ हजार धरले तरी एका रुग्णाला वर्षाला ३ लाखांच्या वर लागतात. म्हणजे एका माणसाला एक वर्ष मशीनवर ठेवायला जो पैसा लागतो, तेवढ्यात मणींच्या २५ हजार माणसांचं वर्ष निघत होतं. मधल्या काळात भाव वाढले, हे कबूल. खर्च तिप्पट धरा. मग तीन रुग्णांचा पैसा होईल. आणि २५ हजार वस्तीत दरवर्षी नवे रुग्ण किती? भोपाळमध्ये वायुपीडितांच्या आरोग्यसेवेत नोंदलेल्या ५ लाख ७२ हजार लोकांवरचा मोदी आणि झा यांचा अभ्यास २००६ मध्ये छापला गेला. त्यात दहा लाखांमागे वर्षाला दीडशे, आणि वयाचा फरक जुळवल्यावर सव्वादोनशेहून थोडे जास्त नवे रुग्ण निघाले. त्या मापाने २५ हजारांत चार ते सहा. हे चार-सहा दरवर्षी आधीच्यांत मिळवले जातात, कारण डायलिसिसचा रुग्ण बरा होऊन बाहेर पडत नाही; प्रत्यारोपण होतं किंवा माणूस जातो. यातल्या निम्म्यांना जरी दहा वर्षं मशीनपासून लांब ठेवता आलं, तर पैसा कुणाचा वाचतो?

या भूमिकेवरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यातले काही चांगलेच वजनदार आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप पुराव्याचा. मणींनी चिठ्ठ्या टाकून काही गावांना कार्यक्रम दिला आणि काहींना नाही दिला, असं नव्हतं. शेजारची गावं वेगळी असू शकतात. तिथली माणसं, पाणी, उत्पन्न वेगळं असू शकतं. शिवाय त्यांनी मोजलं ते बीपी, साखर आणि किडनीचं काम. डायलिसिसची वेळ आलेल्यांची संख्या खरोखर घटली का, हे सांगायला त्याहून मोठी वस्ती आणि जास्त वर्षं लागतात. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटानेही २०१२ मध्ये म्हटलं होतं की काही त्रास नसलेल्या सगळ्याच प्रौढांची किडनीसाठी तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. हे मी नाकारत नाही. पण तो गट जिथं बसून बोलत होता, तिथं बीपीच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात चढणारा घटक, त्याचा डॉक्टर तसंही बघतो. सरसकट तपासणीने आणखी किती मिळेल, एवढाच तिथला प्रश्न. आपल्याकडचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीचा आहे. इथं त्या माणसाला आपल्याला बीपी आहे हेच माहीत नसतं. मणींच्या मुली दुर्मीळ आजार हुडकत नव्हत्या. बीपी आणि साखर पकडून ती खाली आणत होत्या. ती खाली आली की किडनी, हृदय आणि मेंदू तिन्ही जपले जातात, याला पुरावा कमी आहे असं कुठलाच तज्ज्ञगट म्हणत नाही.

आणि उशीर किती होतो, त्याचाही पुरावा पाहा. देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून किडनीच्या ५२ हजारांवर रुग्णांची नोंदवही तयार केली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४८ टक्के रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचले तेच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात. दुखत नाही, खुपत नाही, लघवी होते. मग कोण कशाला तपासणार? किडनीचा हा स्वभाव दोनशे वर्षांपूर्वीच कळलेला आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सुजेचे रुग्ण, त्यांची लघवी आणि शवविच्छेदनातल्या खराब किडन्या यांची सांगड घातली. त्या काळी लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत; अंड्याच्या बलकाभोवतीचं पांढरं साकळावं तशी ती साकळली की आजार ओळखायचा. एका चमच्यात आणि एका मेणबत्तीत होणारं निदान आपल्याला अजून प्रत्येक गावात पोचवता आलेलं नाही, याचं मला खरंच दुःख होतं.

दुसरा आक्षेप विदर्भातून येतो आणि तो मला जवळचा वाटतो. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात लोक वर्षानुवर्षं विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवत आले आहेत. आंध्रातल्या श्रीकाकुळमजवळचा उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतले ऊसतोड मजूर, इथं ना बीपी ना साखर अशा तरण्या शेतकऱ्यांच्या किडन्या गेल्या. कारणांचा वाद अजून मिटलेला नाही. त्या नोंदवहीतही १६ टक्के रुग्णांचं कारण सापडलं नव्हतं. या माणसांना मणींच्या गोळ्यांचा काय उपयोग? थोडाच. तिथं स्वच्छ पाणी हवं, उन्हातल्या कामाच्या वेळा बदलायला हव्यात, फवारणीवर लक्ष हवं, आणि ही मागणी करणाऱ्यांच्या मागे मी उभा आहे. पण मशीनच्या वादात या भागाचं नाव घेणाऱ्यांना मी विचारतो: कुठल्या गावात, कुठल्या वयाच्या, कुठलं पाणी पिणाऱ्या माणसांचं क्रिएटिनिन आधी चढू लागलं, हे कळल्याशिवाय कारण सापडणार कसं? डायलिसिसच्या खुर्चीवर पोचलेला माणूस ते सांगू शकत नाही, त्याच्या किडनीत तोवर नुसते व्रण उरलेले असतात. आणि त्याच नोंदवहीत ३१ टक्के मधुमेहाचे आणि १३ टक्के बीपीचे होते. १६ टक्क्यांचं कोडं सुटत नाही म्हणून ४४ टक्क्यांचं सुटलेलं गणित तसंच ठेवायचं का?

जुन्या गोळ्यांचा आक्षेप तेवढा मोठा नाही. रेसरपिनने मन खिन्न होऊ शकतं, ती आज कुणी पहिली देत नाही, ठीक. पण स्वस्त म्हणजे हलकं, हा समज तेव्हाही टिकला नव्हता: २००२ च्या अखेरीस ३३ हजारांवर रुग्णांच्या ‘ऑलहॅट’ चाचणीत जुनी, लघवी वाढवणारी थायझाइड गटाची गोळी नव्या महागड्या गोळ्यांपेक्षा कमी पडली नाही. आज तर मणींच्या हाती नव्हती ती हत्यारं आपल्या हाती आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,३०४ रुग्णांच्या चाचणीत डापाग्लिफ्लोझिन या गोळीने किडनीची मोठी घसरण, डायलिसिसची वेळ आणि किडनी किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी केला. त्याच वर्षी भारतात त्याचं पेटंट संपलं आणि भाव कोसळले. गोळी मेडिकलच्या फडताळात आली आहे. ती ज्याला हवी त्याला मात्र आपल्याला ती हवी आहे हे माहीत नाही.

इथं मला क्षयरोगाची आठवण येते. पन्नाशीच्या दशकात क्षयाच्या रुग्णांसाठी सगळीकडे एकच मागणी होती: खाटा वाढवा. मिरज, पाचगणीसारख्या कोरड्या हवेच्या गावांत सॅनेटोरियम होती, पण लाखो रुग्णांना त्यांत जागा कुठून मिळणार? घरी औषध घेणारा गरीब, दाटीवाटीने राहणारा रुग्ण बरा होत नाही आणि घरच्यांनाही आजार देतो, असंच सगळे मानत. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या खोल्यांत, दोघांना वर्षभर तीच औषधं. १९५९ मध्ये निकाल छापला गेला. घरचे रुग्ण जवळपास तेवढेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झालेली नव्हती. त्या एका निकालाने जगभरचं क्षयावरचं धोरण बदललं. खाटांचा वाद कुणी जिंकला नाही, तो प्रश्नच मागे पडला. त्याच शहरातल्या डॉक्टरांनी किडनीबद्दल तसलाच प्रश्न विचारला आणि आपण अजून खाटाच मोजतो आहोत.

फक्त मशीनवर पैसा लावला तर काय होतं, तेही एका देशाने करून पाहिलेलं आहे. साठच्या दशकात सिएटलमध्ये मशीन थोड्या आणि रुग्ण फार, म्हणून कुणाला जगवायचं हे ठरवायला नागरिकांची समिती बसे. ती लाज संपवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९७२ मध्ये कायदा करून जवळपास प्रत्येकाच्या डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला. माणुसकीचा निर्णय होता, मी असतो तर हात वर केला असता. पण त्याच जोराचा पैसा आधीच्या टप्प्यांवर आला नाही. तेव्हा डायलिसिसवर दहा हजारांच्या आसपास माणसं होती, आज पाच लाखांवर आहेत. लोक जास्त जगू लागले, मधुमेह वाढला, हीही कारणं आहेतच. तरी नवे रुग्ण २०३० पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करायचे, असं उद्दिष्ट राष्ट्राध्यक्षांच्या आदेशासोबतच्या सरकारी योजनेत यायला २०१९ उजाडावं लागलं. सत्तेचाळीस वर्षं. आपल्याकडे २०१६ पासूनचं घड्याळ चालू झालेलं आहे.

उरला आक्षेप आशाताईंचा, आणि तिथं मी माझ्याच बाजूच्या लोकांशी वाद घालतो. ‘आशा आहेत की, त्यांना सांगा’ असं प्रतिबंधाचे कैवारी फार सहज म्हणून जातात. लसीकरण, बाळंतपण, क्षय, कुष्ठ, सर्वेक्षणं, तिशीपुढच्यांचे फॉर्म, मोबाइलवर माहिती भरणं, हे सगळं तुटपुंज्या मोबदल्यावर करणाऱ्या बाईच्या खांद्यावर आणखी एक रजिस्टर ठेवायचं? गडचिरोलीत ‘सर्च’च्या बंग दांपत्याने गावच्या बायांच्या हाती नवजात बाळांची काळजी दिली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या आरोग्यदूतांना नेमकं काम, नीट शिक्षण, हातात साधनं आणि वरून देखरेख होती, हे सांगायचं राहून जातं. मणींच्या मुलींचंही तेच. म्हणून माझी मागणी वेगळी माणसं, वेगळा पगार, बीपीचं यंत्र, लघवीच्या पट्ट्या आणि बारा महिने न चुकता मिळणाऱ्या गोळ्या यांची आहे. गोळ्यांचं तर फारच. एक महिना देऊन पुढचा महिना ‘साठा नाही’ म्हणणाऱ्या दवाखान्यापेक्षा तपासणी न केलेली बरी. माणसाचा त्यावरचा विश्वास कायमचा उडतो.

हे व्हायला दबाव लागेल, आणि दबाव येणार कुठून? मशीन मागायला रुग्ण येतो, त्याचे नातेवाईक येतात, पुढारी येतात. ज्याची किडनी बारा वर्षांनी जाणार तो आज कापूस वेचतो आहे. तो कशाला निवेदन देईल? म्हणून एक सुचवतो. २०१० पासून आपल्याकडे प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण होतं. बाई कुठे, केव्हा, कुणाच्या नजरेतून सुटली याचा कागद भरला जातो आणि जिल्ह्याच्या बैठकीत ठेवला जातो. डायलिसिसच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा तसाच कागद भरा. बीपी पहिल्यांदा कधी मोजलं, किती होतं, गोळी किती महिने मिळाली, लघवी कधी तपासली, क्रिएटिनिन पहिल्यांदा केलं तेव्हा किती होतं, किडनीला बाधू शकणारी कुठली दुखण्याची गोळी किती वर्षं खाल्ली. केंद्राला मशीन देतानाच ही अट घाला आणि कागद ग्रामसभेत वाचा.

मामांचा कागद मी मामींना विचारून मनातल्या मनात भरून पाहिला. बीपी पहिल्यांदा मोजलं ते डोळ्यांच्या शिबिरात, डायलिसिसच्या बारा वर्षं आधी: १७०/११०. गोळी मिळाली एक महिन्याची. दुसऱ्या महिन्याला कुणी दिली नाही, मामांनीही मागितली नाही, कारण त्यांना काहीच होत नव्हतं. गुडघ्याला दुखण्याची गोळी हंगामात रोज एक, दुकानातून. लघवी तपासली नाही. क्रिएटिनिन पहिल्यांदा केलं ते उलट्या थांबेनात म्हणून: ९.४. आशाताईंचं घर मामांच्या घरापासून चौथं आहे. तेव्हा त्यांच्या पिशवीत बीपीचं यंत्र नव्हतं.